सत्त्याऐंशी नंबरची बाटली

"ही बाटली आमची नाही हं," पोवारकाकूंनी तिसऱ्यांदा सांगितलं आणि पदराखालून रमची पाऊण भरलेली बाटली काढून टेबलावर ठेवली.

देवधर सरांनी चष्मा वर सरकवला, लेबल नीट वाचलं आणि रजिस्टरात आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'अनुक्रमांक अकरा. रम.'

"अहो सर, रम नाही ती! मोरीतलं ॲसिड आहे. आमच्याकडे कुणी घेत नाही."

"घेत नाही तर बाटली कुठून आली?" मागून कुणीतरी विचारलं आणि रांगेत हशा पिकला. काकू कानापर्यंत लाल झाल्या.

मी काकूंच्या मागेच उभी होते. हातात घड्याळाचे संपलेले सेल आणि आमच्या ह्यांच्या मुदत संपलेल्या गोळ्यांची पिशवी. नवरात्राच्या आधीचा रविवार होता. घटस्थापनेसाठी घरोघरी साफसफाई निघाली होती आणि नगरपालिकेने सांगितलं होतं, की घरातलं जे जे विषारी, जळजळीत, धोक्याचं असेल ते कचऱ्यात टाकू नका, मुलींच्या हायस्कूलच्या पटांगणात आणून द्या. चार वाजता एमआयडीसीतल्या कंपनीची गाडी येईल आणि सगळं घेऊन जाईल. सेल, बल्ब, औषधं वेगळ्या टेबलांवर भराभर जमा होत होती. बाटल्यांच्या टेबलावर आमचे देवधर सर बसले होते. तीस वर्षं त्यांनी ह्याच शाळेत रसायन शिकवलं होतं.

मीही ह्याच शाळेत होते, बत्तीस वर्षं. मी प्रयोगशाळेची शिपाई. रत्नप्रभा सातपुते. निवृत्त होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

बाटल्यांचं एवढं अवघड का होतं, ते आमच्या पेठेतल्या माणसालाच कळेल. दर बुधवारी महादू फिनाईलवाला सायकलवरून यायचा. कॅरिअरला कॅन लटकवलेले: पांढरं फिनाईल, काळं फिनाईल, फरशीचं ॲसिड, ब्लिचिंगचं पाणी. माल त्याचा, बाटली आपली. त्यामुळे घरात रिकामी झालेली कुठलीही बाटली वाया जायची नाही. काळं फिनाईल गुलाब सरबताच्या बाटलीत, ॲसिड रमच्या बाटलीत, कारण ती काच जाड. ती भंगारवाल्याकडून मागून आणायची. एका घरी तर काशीहून आणलेल्या गंगाजलाच्या कॅनमध्ये रंगाचं थिनर होतं. आत काय आहे ते घरच्या बाईला पाठ असायचं. ती बाई आजारी पडली किंवा वारली, की मग कुणालाच काही सांगता येत नसे.

ह्यातूनच आदल्या दिवाळीत इंदूचा घात झाला होता. इंदू आमची घंटागाडीवरची. पूर्वी ती गाडीपुढे चालत अशी हाळी द्यायची, की तिसऱ्या गल्लीतली बाई चहा अर्धा टाकून बादली घेऊन धावायची. त्या दिवाळीत कुणीतरी टाकलेल्या दोन बाटल्या तिच्या गाडीत फुटल्या, एकीतलं दुसरीत मिसळलं आणि हिरवट धूर निघाला. इंदू वाकून कचरा सारखा करत होती. आठ दिवस दवाखान्यात होती. जगली, पण आवाज गेला. आता बोलली तर पत्रा खरवडल्यासारखं ऐकू यायचं. बाटल्या कुणाच्या होत्या ते कधी कळलं नाही. कळणार कसं? गुलाब सरबत प्रत्येक घरात होतं.

त्या रविवारी इंदू पटांगणाच्या कोपऱ्यात आपल्या रिकाम्या गाडीला टेकून उभी होती. आत काय आहे ते कळलं नाही म्हणून गाडी ह्या बाटल्या न घेता परत गेली, तर उद्यापासून एकेक करून त्या तिच्याच गाडीत पडणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

सर आणि काकूंची रमवरून हुज्जत चालली होती, तेवढ्यात माझं लक्ष रांगेत मागे गेलं. दोन बायका आपल्या अर्ध्या अर्ध्या बाटल्यांची झाकणं काढून उभ्या होत्या.

"तुझं पण सफाईचंच आहे ना? मग दोन कशाला, एकीत ओतू. बाटली घरी न्यायला होईल."

"ओतू नका!"

मी ओरडले. बत्तीस वर्षं पन्नास पन्नास मुलींच्या कलकलाटात ओरडलेला गळा आहे माझा. सगळं पटांगण वळून बघायला लागलं. ती बाई तशीच, बाटली वाकडी धरून. मी जाऊन दोघींच्या हातांतून बाटल्या काढून घेतल्या. एकीच्या पत्र्याच्या झाकणाला आतून गंज चढून भोक पडायला आलं होतं. दुसरी प्लास्टिकची, कुशीतून फुगलेली.

"हे ॲसिड. हे ब्लिचिंग," मी म्हटलं. "इंदूच्या गाडीत जे झालं ते आत्ता इथे झालं असतं."

नगरपालिकेचे आरोग्य निरीक्षक शेडगे पळत आले. तरुण, घामाघूम, हातात परिपत्रक. "तुम्हाला कसं कळलं, मावशी? लेबल तर ह्याच्यावर मधाचं आहे."

"लेबलाकडे बघितलंच नाही मी. झाकणाकडे बघितलं. ॲसिडच्या वाफेने पत्रा गंजतो, ब्लिचिंगने प्लास्टिक फुगतं."

शेडगेंनी सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग सर जे बोलले त्यासाठी मी त्यांना आजही मानते.

"शेडगे, मला बाटल्या कधी ओळखाव्याच लागल्या नाहीत. मी हात पुढे करायचो आणि सातपुतेबाई हवी ती बाटली हातात द्यायच्या. टेबलावर ह्यांना बसवा."

"पण ह्या..." शेडगे अडखळले. ते काय म्हणणार होते ते मला माहीत होतं. आयुष्यभर ऐकलं होतं.

"शिपाई होते," मी म्हटलं. "सर, तुम्ही लिहायचं. मी सांगते."

शाळेच्या प्रयोगशाळेतून मी काचेच्या नळ्या, काचकांडी, हातमोजे आणि वाळूची परात मागवली. सरांनी विचारलं, "लिटमस असेल का हो?"

"लिटमस परीक्षेपुरतं कुलपात असायचं, सर. वर्षभर मुलींनी कशावर प्रयोग केले असं वाटतं तुम्हाला?"

पोवारकाकूंना घरी पिटाळून मी हळद आणवली. शाळेच्या कुंपणाला जास्वंद होतीच. टीपकागदावर एकीकडे हळदीचं पाणी फासलं, दुसरीकडे जास्वंदीची फुलं चोळली, पट्ट्या कापून उन्हात टाकल्या. अर्ध्या तासात खडखडीत. आम्ल लागलं की जास्वंदीची निळसर पट्टी लाल होते. कॉस्टिकसारखं क्षाराचं काही लागलं की तीच हिरवी होते आणि हळदीची कुंकवासारखी लाल. ब्लिचिंग असेल तर रंग उडून पट्टी पांढरी. हे माझं शास्त्र. सरकारी खर्चाशिवाय चाललेलं.

मग मी बसले. सरांनी लेबलं वाचून लिहिलेल्या अकरा बाटल्या आधी पुन्हा तपासल्या. बाटली वाळूवर ठेवायची, तोंड माणसांपासून दूर, झाकण हळूहळू सैल करायचं. एक थेंब पट्टीवर, एक थेंब नळीतल्या पाण्यात. पाणी दुधासारखं झालं, तर काळं फिनाईल. थेंब वर तरंगला आणि कागदावरचा डाग थोड्या वेळाने उडून गेला, तर थिनर नाहीतर टर्पेंटाइन. निळं असून तरंगलं, तर रेशनचं रॉकेल. एवढ्यावर ठरलं नाही तरच वास, तोही हाताने वारा घालून, लांबून. आणि ठरलं की लगेच नवं लेबल.

"बारा नंबर, ॲसिड. तेरा, काळं फिनाईल. चौदा, ब्लिचिंग, ते त्या टोकाला ठेवा, बाराच्या जवळ नको. पंधरा... काकू, हे खरंच सरबत आहे. घरी न्या."

लोक जेवायला गेले आणि जेवून परत बघायला आले. पोरीबाळी माझ्याभोवती कोंडाळं करून उभ्या राहिल्या. त्यांतल्या कितीजणींना मीच नळ्या धुवायला शिकवलं होतं! त्यांच्या लेकी आता त्यांच्या कडेवर होत्या. "बाई, ही कशाची?" "बाई, पट्टी हिरवी का झाली?" शाळेत मुली मला बाई म्हणत नसत. बाई शिकवणाऱ्यांना म्हणायचं. मी मावशी. त्या दिवशी कुणाच्या लक्षातही आलं नाही आणि सगळ्या बाई म्हणू लागल्या. माझ्या मात्र प्रत्येक वेळी लक्षात येत होतं. खोटं कशाला सांगू, छाती दोन बोटं फुगली होती माझी.

सत्त्याऐंशी नंबरची बाटली गुरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या सुनेने आणली. कंपाउंडर वारून सहा वर्षं झाली होती. माळ्यावर ट्रंकेत सापडली म्हणाली. तळहाताएवढी, तपकिरी काचेची. लेबल कसरीने खाल्लेलं. मी ती उजेडात धरली. आत पिवळसर, ओलं की सुकं कळेना. आणि झाकणाच्या आट्यांत पिवळे बारीक खडे धरलेले.

मी ती वाळूवर ठेवली आणि हात काढून घेतला.

"ही बाजूला राहू दे. पुढची द्या."

सव्वातीनला बाकी सगळं आटोपलं. एकशे त्रेचाळीस बाटल्या, त्यांतल्या एकशे बेचाळिसांना नाव होतं. शेडगे रजिस्टर तपासत होते. सत्त्याऐंशीच्या पुढे कोरी जागा.

"मावशी, ही राहिली."

"राहिली नाही. मला ती ओळखता येत नाही."

"उघडून बघा की."

"आट्यांत काहीतरी सुकलंय. ते काय आहे हे कळल्याशिवाय मी झाकण फिरवणार नाही. तुम्हीपण नाही."

त्यांचा हात बाटलीकडे निघाला होता, तो त्यांनी मागे घेतला. मग परिपत्रक माझ्यापुढे धरलं. "हे वाचा. 'प्रत्येक बाटलीतील पदार्थाचे नाव नमूद असावे. अन्यथा माल स्वीकारला जाणार नाही.' अख्खा माल, मावशी. गेल्या महिन्यात दोन गावांच्या गाड्या ह्यांनी रिकाम्या परत नेल्यात. ॲसिड लिहून टाका. नाहीतरी तिथे जाऊन जाळणारच आहेत."

"ॲसिड नसेल तर?"

"एका बाटलीसाठी एकशे बेचाळीस परत पाठवायच्या? लोकांना मी काय सांगू, घरी घेऊन जा? ते घरी नेणारच नाहीत. कोपऱ्यावर ठेवतील, गटारात ओततील. आणि उद्या..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. कोपऱ्यात इंदू उभी होती.

सरसुद्धा हळू आवाजात म्हणाले, "सातपुतेबाई, पिवळं आहे. गंधक असू शकेल. तसं लिहिलं तर फार चुकणार नाही."

मी सरांकडे नुसतं पाहिलं. माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष दोघांनाही आठवलं असणार. एका बाटलीचं लेबल पुसलं गेलं होतं. विचारायला गेले तर शिपाईबाईला एवढंही कळत नाही म्हणतील, म्हणून मी अंदाजाने नवं लेबल लिहून चिकटवलं. दुसऱ्या दिवशी नववीतल्या एका मुलीची बोटं भाजली, दोन बोटांची नखं परत नीट आलीच नाहीत. सरांनी मुख्याध्यापिकांपुढे चूक स्वतःवर घेतली. मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्या दिवसानंतर मी अंदाजाने एकही लेबल लिहिलं नाही. हे आम्हा दोघांखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

सरांनी मान खाली घातली.

तरीपण माझं मन डळमळलं. का डळमळू नये? त्या मुलीची बोटं तीस-बत्तीस वर्षांपूर्वीची होती आणि इंदू समोर उभी होती. दोन शब्द लिहिले की सगळ्या बाटल्या गावाबाहेर. मी उठून तिच्याकडे गेले.

"इंदू, तू ऐकलंस सगळं. नाव नाही घातलं तर गाडी परत जाईल. तुझ्यावरच येणार ते. खोटं घालू का?"

बोलायला तिला जोर लावावा लागायचा.

"तकडं गाडीतनं त्या बाटल्या कोन उतरवतंय, मावशी?"

"असेल कुणी कामगार."

"मंग त्याला काय वाटंल? वर आसिड लिवलंय, म्हंजी आसिडच. तसाच उचलंल न्हवं?" तिने घसा खाकरला. "माज्या गाडीत पन कुनी सांगितलं न्हवतं. लिवू नका. आल्या माज्या गाडीत तर मी बगून घीन."

मी परत टेबलापाशी आले. "सर, लिहा."

सरांनी काय लिहू असं विचारलंच नाही. त्याच मोत्यासारख्या अक्षरात त्यांनी लिहिलं, 'सत्त्याऐंशी. ओळखता आली नाही. उघडलेली नाही.' शेडगेंनी कपाळावर हात मारला आणि फोन घेऊन फाटकाकडे गेले.

गाडी बरोबर चारला आली. केबिनमधून कंपनीचा केमिस्ट उतरला. तांबोळी नाव, तिशीचा असेल, चेहऱ्यावर हसू नाही. रजिस्टर त्याने उघडलंसुद्धा नाही. मनाला येईल त्या सहा बाटल्या उचलल्या, आपली पेटी उघडली आणि तपासायला बसला. सगळी पेठ जणू त्याच्या हातांकडे बघत होती. तपासून झालं तसं त्याने मग रजिस्टर ओढलं आणि एकेक आकडा ताडून पाहिला. सहापैकी सहा बरोबर.

"यादी चांगली आहे," तो कोरडेपणाने म्हणाला. "पण सहा बरोबर म्हणजे सगळ्या बरोबर असं होत नाही. गेल्या महिन्यात पहिल्या दहा बरोबर निघाल्या आणि अकरावीने आमचा माणूस भाजला. सगळ्या तपासायला मला वेळ नाही. शंका असेल तर मी माल सोडून..."

पान उलटता उलटता तो थांबला. बोट एका ओळीवर टेकलं. त्याने ती ओळ दोनदा वाचली, हे त्याच्या ओठांवरून मला दिसलं.

"ही बाटली कुठंय?"

मी टेबलाशेजारी जमिनीवर ठेवलेली परात दाखवली. तो खाली बसला, हात न लावता चारही बाजूंनी बघितली आणि माझ्याकडे वळला. "झाकण कुणी फिरवलं?"

"कुणी नाही."

"मला एका पदार्थाची शंका आहे. तो असेल, तर ह्या सुकलेल्या आट्यांवर झाकण घासलं असतं तर स्फोट होऊन फिरवणाऱ्याचा हात गेला असता, कदाचित आणखीही काही. नसेल, तर काहीच झालं नसतं." त्याने मान हलवली. "नुसतं बघून मलाही सांगता येणार नाही. हिच्यासाठी वेगळा माणूस बोलवावा लागेल. तोवर ह्या जागेपासून सगळे लांब व्हा."

शेडगे आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

"मग बाकीच्या?" मी विचारलं. "बाकीच्या परत का?"

तांबोळीने पेटीचं झाकण लावलं. "बाई, मी दर महिन्याला सहा-सात गावांतून माल उचलतो. प्रत्येक यादी पुरी भरलेली असते. एका गावातही कुणाला न ओळखलेली बाटली सापडत नाही. म्हणून तर माझा कुणावर विश्वास बसत नाही." त्याने गाडीवरच्या माणसांना हात केला. "भरा रे. सगळ्या. तपासायची गरज नाही."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. लपवायला पदर होता, पण मी लपवलं नाही.

बाटल्या पेट्यांतून चढू लागल्या. रम, गुलाब सरबत, मध, गंगाजल, सगळ्यांच्या अंगावर माझी नवी लेबलं. इंदू कधी येऊन शेजारी उभी राहिली ते कळलं नाही. तिने माझं मनगट धरलं. गाडीचं मागचं दार बंद झालं तेव्हाच तिने ते सोडलं.

आमचं टेबल फाटकापाशी हलवलं होतं, त्यावर तांबोळीने पावतीचा कागद ठेवला. खाली एक चौकट होती: 'पदार्थांची ओळख पटविणाऱ्याचे नाव, हुद्दा व सही.' शेडगेंनी खिशातलं पेन काढलं. ते सवयीने सरांकडे द्यायला निघाले. तांबोळीने मध्येच त्यांच्या हातून पेन घेतलं आणि माझ्यापुढे धरलं.

"हुद्द्यासमोर काय लिहू?" मी सरांना विचारलं.

"हवं तर 'प्रयोगशाळा सहायक' लिहा," सर म्हणाले. "आज कुणी हरकत घेणार नाही."

सर चांगल्या मनानेच म्हणाले. पण ज्या टेबलावर मी दिवसभर एकही खोटं लेबल लावू दिलं नव्हतं, तिथे स्वतःला कसं लावू? मी लिहिलं, 'रत्नप्रभा दत्तात्रय सातपुते. शिपाई, प्रयोगशाळा.' चौकट लहान होती. मी मोठ्या अक्षरात लिहिलं. बाहेर गेलं तर गेलं.